टोइंगवाल्याने ठरल्यापेक्षा दुपटीहून जास्त पैसे घेतले, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी रात्री घोटीच्या पुढे आमची गाडी बंद पडली. सोबत आई होती, तिचं वय बहात्तर. फोनवर नाशिकच्या अंबडमधल्या गॅरेजपर्यंतचे साडेतीन हजार ठरले. गाडी ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) पाठवा, असं मी दोनदा बजावलं होतं. दीड तासाने आली साधी क्रेन! मागची चाकं उचलून, पुढची रस्त्यावर फिरवत गाडी ओढत आणली. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स अशाने खराब होऊ शकतो, हे त्यांना माहीत नसेल का?

गॅरेजपाशी आठ हजार दोनशे मागितले. 'नाइट चार्ज, वेटिंग.' पैसे दिल्याशिवाय गाडी सोडेनात. आई थंडीत उभी, शेवटी यूपीआयने दिले. पावती नाही. बंपरही फुटलाय.

कॉल रेकॉर्डिंग, फोटो माझ्याकडे आहेत. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू, की वकिलाची नोटीस देऊन थेट नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ? गिअरबॉक्सच्या नुकसानीसाठी मेकॅनिकचं लेखी पत्र पुरतं का? कुणी असा दावा लढवला असेल तर कृपया सांगा.