‘लहानपण देगा देवा’ : हे लहानपण म्हणजे बालपण नव्हे!

पाटीपेन्सिल :
१४ नोव्हेंबरला नातीच्या शाळेत गेलो होतो. स्टेजमागे भलामोठा फ्लेक्स. त्यावर पतंग, भोवरा, गोट्या आणि खाली ठळक अक्षरांत ‘बालपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा’. आता तर शब्दच बदलून टाकला! अहो, तुकोबा बालपण मागतच नाहीयेत. मुंगी म्हणजे काय कुणाचं पोर आहे? चांगली वाढलेली मुंगीच ती, आकाराने लहान म्हणून साखरेचा रवा तिच्या वाट्याला येतो. पुढे ऐरावताला अंकुशाचा मार, आणि शेवटी तर सरळच ‘व्हावे लहानाहून लहान’. बालपण धरून या ओळीचा अर्थ लावून दाखवा. ३६ वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे जरा जास्तच लागलं.

झिम्मा :
काका, असहमत. शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात. ‘लहानपणी आम्ही विहिरीत पोहायचो’ यात नम्रता कुठे आली? ‘खोली लहान आहे’ असं म्हणतो, ‘खोलीचं लहानपण’ कुणी म्हणत नाही. सतराव्या शतकात चालत असेल, आज तो अर्थ बोलण्यात उरलेला नाही. आणि ‘ज्याचे अंगी मोठेपण, तया यातना कठीण’ हे मला दर महिन्याला घराचा हप्ता कापला गेला की तंतोतंत पटतं.

पाटीपेन्सिल :
हप्त्याचं राहू द्या. ऐरावत समुद्रमंथनातून निघाला, १४ रत्नांपैकी एक, म्हणून तर ‘ऐरावत रत्न’ म्हटलंय. आला तोच मोठा! ज्याला बालपणच नव्हतं त्याला अंकुश कशाबद्दल? थोरपणाबद्दल.

झिम्मा :
हा हा, हे मान्य. फ्लेक्सवरचं ‘बालपण’ चूकच. पण ‘लहानपण’ लिहून शेजारी भोवरा काढला तर माझी अजिबात हरकत नाही.

चहाबाज :
पोरगा वाढतो आणि आपण म्हणतो ‘सदरा लहान झाला’. चालू द्या.

कोकणकडा :
खरी गंमत प्रत्ययात आहे. ते शहाणपण, तो शहाणपणा. शहाणपण देवाने द्यावं. ‘शहाणपणा करू नकोस’ म्हणून आई धपाटा घालते. सगळीकडे असं चोख जमत नाही, ‘मनाचा मोठेपणा’ हे कौतुकच असतं. पण लहान असण्यासाठी आपल्याकडे रोजच्या वापरात काय आहे ते पाहा : कमीपणा, कोतेपणा, हलकेपणा, क्षुद्रपणा. एकही शब्द धड नाही! चांगल्या अर्थाचं लहानपण होतं ते बालपणाकडे गेलं. मग शाळेतल्या बाईंनी फ्लेक्सवर भोवरा काढला तर दोष त्यांचा एकट्यांचा कसा?

उंबरठा :
मला या लहान होण्याच्या कौतुकाचाच कंटाळा येतो. माझ्या आजोबांना साठी उलटल्यावरही वाड्यावरची शाळकरी पोरं ‘ए, इकडं ये रे’ अशी हाक मारायची. आजोबा डोक्याचं मुंडासं सावरत जायचे. त्यांनी देवाकडे लहानपण मागितलं नव्हतं, न मागताच मिळालं होतं. ‘लहान तोंडी मोठा घास’ कुणाला ऐकवतात तेही बघा एकदा. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं परंपरा सांगते. सोडायला काही असेल त्यानं खुशाल मागावं.

पाटीपेन्सिल :
तुमचं बोलणं लागलं, आणि ते खोटं नाही. फक्त तुकोबांना वाड्यावरच्यांच्या रांगेत बसवू नका. ‘शूद्रवंशी जन्मलो’ हे त्यांनीच सांगितलंय. आणि लहान म्हणवताना मान खाली घातलेली नाही : ‘अणुरणीया थोकडा, तुका आकाशाएवढा’. थोकडा म्हणजे लहानच की! अणूहून लहान आणि त्याच दमात आकाश.

उंबरठा :
हा तुका चालतो मला. पुढच्या वर्षी फ्लेक्सवर ही ओळ लावायला सांगा शाळेला. आजोबांच्या हाकेचा हिशेब मात्र तिनं फिटत नाही, काका.

झिम्मा :
थोकडा! हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. भोवरा मागे घेते.