लाइट स्वच्छ केली की अ‍ॅम्पचा आवाज सुधरतो का?

परभणीचा_श्रोता
नमस्कार मंडळी. जुना स्टिरिओ अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर), दोन बुकशेल्फ स्पीकर, लॅपटॉपवरून डॅकमधून (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारी डबी) गाणी, एवढाच सेटअप आहे. गाणं बंद असलं तरी स्पीकरमधून घुंऽऽ यायलाय अन् कूलरचं बटन दाबलं की टक्क. दुपारी व्होल्टेज १८० वर येतं. दुकानवाला म्हणायलाय आपल्याकडची लाइटच घाण, पॉवर कंडिशनर (लाइटीतला गोंगाट गाळणारी पेटी) बसवा, तबल्याचा बायासुद्धा खुलून येईल. ३० हजार सांगतोय. घ्यावं का?

लातूर_वायरिंगवाला
दादा, आत्ताच पैसे घालू नका. भिंतीतले २३० व्होल्ट स्पीकरपर्यंत जातच नाहीत, ट्रान्सफॉर्मर ते कमी करतो, रेक्टिफायर डीसी करतो, मोठे कपॅसिटर ते सपाट करतात, हे काम तुमचा अ‍ॅम्प रोजच करतोय. बाया खुलणं रेकॉर्डिंग, स्पीकर अन् खोलीवर.
घुं मात्र शोधा. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर ऐका. गेला तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणं अर्थ अन् सिग्नलच्या वायरीतून दोन वाटांनी जोडली जाऊन त्यातून घुं शिरणं. नाही गेला तर इनपुटच्या सगळ्या वायरी काढा, तरी येत असेल तर अ‍ॅम्पच्या आतले कपॅसिटर सुकलेत बहुतेक. अर्थची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, जिवाशी खेळ आहे तो!!

काळी_माती
अर्थिंग पण बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, रॉडला सोडून देते, मग अर्थिंग नावालाच. खड्ड्यात पाणी सोडा अन् वायरमनकडून मीटरवर न्यूट्रल-अर्थ मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. त्याच्या वर गेलं तर न्यूट्रलचा जोड ढिला असू शकतो, त्यानं टीव्ही-फ्रिज पण जातात.

रात्रीची_मैफल
मला तरी रात्री अकरानंतर फरक ऐकू येतो, आवाज मोकळा वाटतो. लाइटीचा काहीच संबंध नाही हे पटत नाही.

लातूर_वायरिंगवाला
ऐकू येत असेल, नाही म्हणत नाही. पण रात्री रस्ता शांत असतो, कूलरची घरघर कमी असते, त्यामुळं बारीक सूर कानाला सापडतात. संबंध आहे तो व्होल्टेजचा. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पला २३० ऐवजी १८० मिळाले तर ताकद साधारण ६० टक्क्यांवर येते, मोठा आवाज केला की फाटतो. त्याला स्टॅबिलायझर लागतो, कंडिशनर नाही.

परभणीचा_श्रोता
चार्जर काढलो अन् घुं गेला! लई आभार. टक्क अजून आहे.

लातूर_वायरिंगवाला
मग लूपच होता. लॅपटॉप अन् अ‍ॅम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा, तरी आला तर डॅकच्या आधी यूएसबी आयसोलेटर, म्हणजे डेटा जाऊ देऊन विजेचा थेट जोड तोडणारी डबी, लावा. टक्क म्हणजे कूलरच्या स्विचमधली ठिणगी, स्विचला स्नबर (ठिणगी दाबणारा रेझिस्टर-कपॅसिटरचा जोड) बसवून घ्या, किरकोळ काम आहे. कूलर वेगळ्या लाइनवर टाकता आला तर अजून बरं.