क्रोटनच्या पानाला मुळं फुटली, कोंब का फुटंना?

गच्चीवाला, राजारामपुरी
मंडळी, जरा मदत करा. कागलला आत्याच्या दारात कमरेएवढं क्रोटन आहे, पिवळ्या पानावर लालभडक शिरा. मे महिन्यात गेलो होतो तेव्हा गुपचूप एक पान देठासकट खुडून आणलं. फांदी मागायचं धाडस झालं नाही, आत्या त्या झाडाला कुणाला हात लावू देत नाही. आइस्क्रीमच्या डब्यात निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट, वर प्लास्टिकची पिशवी. दीड महिन्यानं उकरून बघितलं तर बोटभर पांढरी मुळं! घरभर दाखवत फिरलो. आता नोव्हेंबर लागला. पान तसंच ताठ, तुकतुकीत. मुळांनी डबा भरलाय, पण कोंबाचा पत्ता नाही. बायको म्हणते, प्लास्टिकचं तर आणलं नाही ना? खत कमी पडतंय काय?

गुऱ्हाळावरचा
खताचा काही संबंध नाही ओ. डोळा मेलेली उसाची कांडी सरीत दाबली तर काय होतं? मुळ्या सुटतात, ऊस उगवत नाही. तसंच आहे हे. क्रोटनचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, पानात नसतो, देठ फांदीला चिकटतो त्या बेचक्यात असतो. तुम्ही पान आणलं, डोळा कागललाच राहिला.
शेंड्याकडची वीतभर फांदी आणा, फार कोवळी नको. गाठीच्या खाली काप घ्या. पांढरा चीक येईल तो धुऊन टाका, काहींच्या अंगाला खाजतो. वरची तीन-चार पानं ठेवा, तीही कात्रीनं निम्मी करा, नाहीतर मुळं नसताना पाणी उडून फांदी माना टाकते. आणि आता थंडीत नको. फेब्रुवारी सरू दे.

शाहूपुरीची वहिनी
फांदी तोडायचीच कशाला? आत्याच्याच झाडावर गुटी बांधा. बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, भिजवून पिळलेलं मॉस (नर्सरीतलं वाळकं शेवाळ), वर प्लास्टिक घट्ट. मी पावसाळ्याच्या तोंडाला बांधते, दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. मग खालून कापायचं. पण नंतर सावलीत ठेवू नका, माझं पहिलं क्रोटन जिन्याखाली पार हिरवं पडलं होतं.
तोवर हात शिवशिवत असतील तर कोलियस लावा, तेही रंगीत पानांचंच झाड. ग्लासभर पाण्यात शेंडा ठेवला की आठ-दहा दिवसांत मुळं.

गच्चीवाला, राजारामपुरी
आत्ताच आत्याला फोन लावला, गुटीचं विचारलं. म्हणाली, "बांध की. पान कुणी नेलं ते मला त्याच दिवशी कळलं होतं, चिकाचा थेंब पायरीवर पडला होता." जूनला जातोय. कोलियस उद्याच आणतो. ते पान मात्र टाकवत नाही, डब्यात आहे तसं राहू दे.