मदत हवी आहे: कंपनीच्या ईमेलवर स्पॅमचा पूर आला आहे, बंद कसा करावा?

लेथवाला_उद्यमबाग
नमस्कार. गेल्या मंगळवारपासून आमच्या कंपनीच्या ईमेलवर रोज तीनशे-चारशे फालतू मेल येत आहेत. आमचे बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप असून फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर काम करून आम्ही माल पुणे, कोल्हापूर आणि होसूरला पाठवतो. ड्रॉइंग, ऑर्डर, बिले असे सारे काही याच एका पत्त्यावर येते. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने पाठवलेले सुधारित ड्रॉइंग या कचऱ्यात हरवले आणि आम्ही जुन्या मापाने चाळीस नग करून बसलो. नवीन ड्रॉइंगमध्ये बोअर अर्ध्या मिलिमीटरने मोठा होता म्हणून नग वाचले. लहान असता तर सगळे भंगारात गेले असते. मला फक्त चांगल्या स्पॅम फिल्टरचे नाव हवे आहे. कृपया लवकर सांगावे.

खडेबाजार_कॉम्प्युटर
नाव सांगण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. मेल वेबसाइटच्या होस्टिंगसोबत मिळालेला आहे की जीमेल, झोहो यांसारखी वेगळी सेवा घेतली आहे? आणि येणारे मेल नेमके कोणत्या प्रकारचे आहेत? चार-पाच विषयओळी जशाच्या तशा इथे उतरवल्यात तर अंदाज करता येईल.

लेथवाला_उद्यमबाग
सर्व प्रकारचे आहेत. स्पॅम म्हणजे स्पॅम, त्यात वाचण्यासारखे काय असणार? मी दोन वेळा सगळे निवडून डिलीट केले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकेच आले.

निपाणी_तंबाखू
मला २०१९ मध्ये हाच त्रास झाला होता. मी फार विचार न करता पत्ताच बदलला, सर्व व्यापाऱ्यांना फोन करून नवा पत्ता कळवला आणि तेव्हापासून शांतता आहे. फिल्टर वगैरेवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेथवाला_उद्यमबाग
तुमचा व्यवहार फोनवर चालत असेल, आमचा तसा चालत नाही. आमचा पत्ता चलनावर छापलेला आहे, जीएसटीच्या नोंदणीत आहे आणि मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादार यादीत तो बदलायचा म्हटले की नवे फॉर्म, शिक्के, सह्या आणि दीड महिना जातो.

शहापूर_साडी
वेबसाइटसोबत फुकट मिळणाऱ्या मेलचे हे असेच होते. आम्ही दर माणशी पैसे भरून चांगली सेवा घेतली आणि स्पॅम जवळजवळ थांबला. चार माणसांच्या कार्यालयाला तो खर्च जड नाही.

खानापूर_नेटवर्क
सेवा बदलून मूळ दुखणे जात नाही. तुमच्या डोमेनला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी आहेत का, हे आधी पाहावे. आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचे याची यादी एसपीएफमध्ये असते, डीकिम ही प्रत्येक मेलवरची सही असते, आणि हे दोन्ही जुळले नाही तर समोरच्याने मेलचे काय करावे हे डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना या नोंदी सक्तीच्या केल्या आहेत. आपल्याकडचे निम्मे कारखानदार अजून त्याशिवायच चालले आहेत.

शहापूर_साडी
त्यांच्याकडे मेल येत आहेत, ते पाठवत नाहीत. तुमच्या तिन्ही नोंदी त्यांच्या नावाने जाणाऱ्या मेलसाठी आहेत. येणारा स्पॅम त्याने कसा थांबणार?

खानापूर_नेटवर्क
माझे म्हणणे पूर्ण वाचावे. कोणी त्यांचा पत्ता प्रेषक म्हणून खोटा वापरत असेल, तर न पोहोचलेले सगळे मेल त्यांच्याकडेच परत येतात.

मराठी_टंक
या निमित्ताने सुचवतो की आपण सीमाभागातल्या व्यावसायिकांनी देवनागरीतील डॉट भारत हे डोमेन घ्यावे. ते २०१४ पासून उपलब्ध आहे. पाटीवर मराठी लिहिण्यासाठी आपण इतके झगडतो आणि ईमेलचा पत्ता मात्र रोमन लिपीत ठेवतो, याचा विचार व्हावा.

खडेबाजार_कॉम्प्युटर
टंकसाहेब, भावना समजते, पण देवनागरी पत्ता अजून अनेक मेल सर्व्हर स्वीकारत नाहीत आणि यांचे नग थांबले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा.
लेथवाले साहेब, खानापूरकरांचा मुद्दा तपासण्यासारखा आहे. कृपया इनबॉक्स उघडून वरच्या दहा मेलच्या विषयओळी लिहा. हा दुसऱ्यांदा केलेला आग्रह आहे, राग मानू नये.

लेथवाला_उद्यमबाग
मेल होस्टिंगचाच आहे, सीपॅनेल म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण पानातला. वेबसाइट माझ्या आतेभावाने २०१७ मध्ये करून दिली, तो आता परदेशी असतो. दहापैकी आठ मेलचा विषय 'मेल डिलिव्हरी फेल्ड' असा आहे. पाठवणाऱ्याच्या जागी 'मेलर डीमन' लिहिले आहे. आत ज्यांचे पत्ते आहेत त्यांपैकी एकालाही मी ओळखत नाही.

खानापूर_नेटवर्क
मी म्हणालो नव्हतो का? पत्ता खोटा वापरला जात आहे. आजच एसपीएफ लावा आणि डीमार्क 'रिजेक्ट'वर ठेवा.

खडेबाजार_कॉम्प्युटर
थोडे थांबावे. आणखी एक शक्यता आहे आणि ती अधिक वाईट आहे. परत आलेल्या एखाद्या मेलच्या आत मूळ मेलचे हेडर, म्हणजे त्याच्या प्रवासाची नोंद, जोडलेले असते. त्यातल्या 'रिसीव्हड'ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या, कारण प्रवास खालून सुरू होतो. तिथे तुमच्या होस्टिंगच्या सर्व्हरचे नाव कुठेच नसेल तर कोणी परका तुमचे नाव वापरत आहे. ते नाव असेल, आणि 'ऑथेंटिकेटेड सेंडर' अशा ओळीत तुमचाच पत्ता असेल, तर मेल तुमच्या पासवर्डने तुमच्याच खात्यातून गेले आहेत. तसे असल्यास एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही उत्तम प्रकारे उत्तीर्ण होतील, कारण यंत्राच्या दृष्टीने तो मेल खरा आहे. आणि कृपया आता एकही मेल डिलीट करू नका.

निपाणी_तंबाखू
म्हणूनच म्हणतो, पत्ता बदला.

लेथवाला_उद्यमबाग
तीन मेल पाहिले. तिन्हींमध्ये आमच्या सर्व्हरचे नाव आहे आणि ऑथेंटिकेटेड सेंडरपुढे आमचाच पत्ता आहे. पासवर्ड आताच बदलला. तो २०१७ पासून एकच होता आणि कार्यालयातल्या तिन्ही कॉम्प्युटरवर, माझ्या व सुपरवायझरच्या मोबाइलवर तोच घातलेला होता. मी स्वतः कोणताही संशयास्पद मेल उघडला नव्हता, असे वाटते. मात्र मागच्या महिन्यात 'मेलबॉक्स भरला आहे, इथे लॉगिन करा' असा मेल आला होता आणि आमच्या मुलाने ते केले होते, असे तो आता सांगतो.

खडेबाजार_कॉम्प्युटर
पासवर्ड बदलणे योग्यच झाले, पण तेवढ्याने काम संपत नाही. आत शिरलेला माणूस मागचे दार उघडे ठेवून जातो आणि पासवर्ड बदलला तरी ते दार बंद होत नाही. सीपॅनेलमध्ये 'फॉरवर्डर्स' आणि 'ईमेल फिल्टर्स' या दोन जागा पाहा. वेबमेलमध्येही फिल्टरची वेगळी जागा असते, तीही पाहा. सीपॅनेलचा आणि मेलचा पासवर्ड सारखाच असेल तर तोही बदला.

शहापूर_साडी
इतके सगळे घरी करत बसण्यापेक्षा चांगली सेवा घेतली असती तर दोन पायऱ्यांचे लॉगिन आपोआप मिळाले असते, एवढेच सुचवतो.

लेथवाला_उद्यमबाग
फिल्टर सापडला. मी किंवा आतेभावाने केलेला नाही. ज्या मेलमध्ये 'पेमेंट', 'बँक' किंवा 'इनव्हॉइस' हा शब्द असेल तो एका अनोळखी जीमेल पत्त्यावर पाठवायचा आणि इनबॉक्समध्ये ठेवायचा नाही, असे त्यात लिहिले आहे. पुण्याचे ड्रॉइंग ज्या मेलमध्ये होते, त्यात शेवटी मागच्या बिलाच्या पेमेंटबद्दल एक वाक्य होते, हे त्यांनी आता फोनवर वाचून दाखवले. म्हणजे ते ड्रॉइंग स्पॅममध्ये हरवलेच नव्हते.
त्यांच्याच फोनवर हेही कळले की आमच्या लेटरहेडवर 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे पत्र त्यांना गुरुवारी आमच्याच ईमेलवरून गेले आहे. त्यांच्या अकाउंट्समधल्या बाईंना खात्याचे नाव कंपनीचे नसून कोणा व्यक्तीचे आहे आणि खाते बचत आहे, हे खटकले, म्हणून त्यांनी पैसे थांबवले. कोल्हापूरला पत्र मिळालेले नाही. होसूरला कोणी फोन उचलत नाही.

खानापूर_नेटवर्क
माझा अंदाज चुकला, हे मान्य करतो. होसूरच्या मालकांचा खासगी क्रमांक असेल तर त्यावर लावा, ईमेल करू नका. पैसे गेले असतील तर ज्यांच्या खात्यातून गेले त्यांनीच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा असतो. तो क्रमांक सर्व राज्यांत एकच आहे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तर परत मिळण्याची आशा राहते. तुम्ही आपल्याकडच्या सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार द्या.

निपाणी_तंबाखू
आमच्या एका ओळखीच्या अडत्याचे असेच झाले होते. पुण्याचा गुन्हा म्हणून बेळगावने नाही म्हटले आणि बेळगावचा म्हणून पुण्याने.

खडेबाजार_कॉम्प्युटर
आता तसे म्हणता येत नाही. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यावी लागते.

लेथवाला_उद्यमबाग
होसूरचा फोन लागला. त्यांनी शुक्रवारी त्या खात्यावर एक लाख ब्याऐंशी हजार भरले आहेत. ते आता १९३० वर बोलत आहेत आणि तिकडून आमच्याकडे परत आलेल्या मेलचे हेडर मागितले आहेत. मंगळवार ते शुक्रवारचे सगळे मेल मी डिलीट करून ट्रॅशही रिकामी केली आहे. ते परत कसे मिळवावेत?

खडेबाजार_कॉम्प्युटर
होस्टिंगवाल्यांना आत्ताच लेखी कळवा: आमच्या खात्याचा बॅकअप आणि मेल सर्व्हरचे लॉग (कामाच्या नोंदी) जपून ठेवा, पोलिसांना लागणार आहेत. लॉग काही दिवसांनी आपोआप पुसले जातात. त्या फिल्टरचा स्क्रीनशॉट काढला आहे ना, की तोही डिलीट केला?

लेथवाला_उद्यमबाग
फिल्टर अजून आहे. स्क्रीनशॉट काढून मगच पुसतो.