चर्चमधील ‘कॉयर’ : गाणारी मंडळी की जागा?

प्रश्न (फोंड्याची शिक्षिका)
आमच्या शाळेच्या सहलीसाठी जुन्या गोव्यातील चर्चांवर मी मराठीत माहितीपत्रक लिहीत आहे. बॉम जेझूच्या बासिलिकेत प्रवेशद्वाराच्या वर दोन खांबांवर तोललेला जो सज्जा आहे, त्यालाही कॉयर म्हणतात आणि मिस्साच्या (चर्चमधील मुख्य सामूहिक प्रार्थनाविधीच्या) वेळी गाणाऱ्यांनाही कॉयरच म्हणतात. मराठीत या दोहोंसाठी वेगळे शब्द योजावेत का? गाणाऱ्यांना ‘भजनी मंडळ’ म्हटल्यास मुलांना चटकन कळेल, असे वाटते.

उत्तर १ (ताळगावकर)
बाई, दोन्ही अर्थ बरोबर आहेत. ग्रीक ‘खोरोस’ म्हणजे नाचत-गात येणारा समूह. तोच शब्द लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये ‘कोरो’ होऊन आला. युरोपातील मोठ्या कॅथेड्रलांमध्ये वेदी आणि लोकांची बसण्याची जागा यांच्या मधल्या भागात धर्मगुरू समोरासमोर बसून स्तोत्रे गात, म्हणून त्या भागालाही गाणाऱ्यांचेच नाव पडले. आपल्याकडच्या चर्चांत मात्र ही जागा बहुधा दारावरच्या माडीवर असते, त्यामुळे भाविकांच्या पाठीमागून आणि वरून सूर येतात. जागेसाठी ‘गायनसज्जा’ लिहावे आणि ‘कॉयर’ हा शब्द माणसांसाठी राखून ठेवावा.

उत्तर २ (म्हापशाचा तबलजी)
‘भजनी मंडळ’ मला पटत नाही. भजनात बुवा ओळ सांगतात आणि मागची मंडळी तीच चाल उचलून धरतात. कॉयरमध्ये सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास हे (सर्वांत उंचापासून सर्वांत खालच्यापर्यंतचे) चार आवाज एकाच क्षणी निरनिराळे सूर लावतात. मोतेत, म्हणजे अनेक आवाजांत गायचे धार्मिक गीत, ऐकताना कधी कधी बासचा सूर जवळजवळ जागचा हलत नाही आणि वर सोप्रानो मात्र चढत जातो, हे सरावलेल्या कानाला लगेच जाणवते. भजनाची ताकद वेगळी आहे. कॉयरला ‘भजनी मंडळ’ हे नाव चिकटवून दोघांचेही नुकसानच होईल.

उत्तर ३ (ताळगावकर)
तबलजी, तुमचा निष्कर्ष मान्य. कारण मात्र थोडे आखूड पडते. ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चमधील जुनी लॅटिन स्तोत्रे, सगळे मिळून एकच चाल गातात, तरी गाणाऱ्यांना कॉयरच म्हणतात, त्यामुळे केवळ चार आवाजांवरून व्याख्या करता येणार नाही. एकत्र सराव करून, ठरलेल्या संहितेनुसार आणि बहुधा एका संचालकाच्या हाताखाली गाणारा कायमचा गट, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल. असा गट चर्चबाहेरही असू शकतो. ऑपेरातील समूहाला मात्र ‘कोरस’ म्हणण्याचीच रीत आहे.

उत्तर ४ (डिचोलीचा वाचक)
एक व्यावहारिक अडचण सांगतो. नारळाच्या काथ्यालाही बाजारात ‘कॉयर’ म्हणतात आणि देवनागरीत दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. ‘चर्चमध्ये नवा कॉयर आला’ असे छापल्यास आमच्या भागातला एखादा पायपुसणे शोधू लागेल! म्हणून पहिल्या उल्लेखात ‘कॉयर, म्हणजे चर्चचा गायकवृंद’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘कॉयर’ ठेवावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे आभार. मजकूर असा ठेवते : ‘प्रवेशद्वारावरील गायनसज्जा ही कॉयरची, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाची, जागा आहे.’