जुन्या टू-स्ट्रोक बोट इंजिनला पेट्रोलमधे ऑइल किती?

भीमाकाठ: नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. उजनीच्या बॅकवॉटरला करमाळ्याच्या बाजूनं मामाची होडी हाय, तिला सेकंडहँड आठ एचपीचं टू-स्ट्रोक घेतलं. विकणारा म्हणला लिटरला झाकणभर ऑइल टाका, आता झाकण कुठल्या बाटलीचं ते देवाला माहीत. धूर लै निघतोय, प्लग काढला की काळा ओला, हळू केलं की बंद पडतंय. पुस्तक नाही, कव्हरवरचं स्टिकर पण गेलंय. सध्या स्कूटरचं टू-टी ऑइल टाकतोय, चालतंय का?

चेतकवाला: चालतंय की बे, चेतकला आयुष्यभर तेच टाकलं, काय झालं नाही. 50:1 धर अन् चालव.

जुना_पुणे_नाका_गॅरेज: अण्णा, ऑइलचं वरचं ऐकू नका. चेतक हवेवर थंड होते, बोटीचं इंजिन नदीचं पाणी ओढून, ते लै थंड चालतं. स्कूटरच्या ऑइलमधे राख करणारी रसायनं असतात, ती इथं पिस्टनवर अन् प्लगवर बसतात. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्यावर थंड होणाऱ्या बोट इंजिनच्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघूनच घ्या. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25:1 म्हणजे 40. जुन्या बऱ्याच इंजिनांना 25 लागतं, नंतरच्यांना 50. टाकीच्या झाकणावर कोरलंय का बघा, नाहीतर मॉडेल नंबर घेऊन डीलरला विचारा. कळेपर्यंत 25 वरच ठेवा, प्लग घाण होईल पण प्लग स्वस्त असतो, पिस्टन धरला तर रडाल. झाकणबिकण सोडा, मेडिकलमधून 20 मिलीची सिरिंज आणा. कॅनमधे आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, दणकून हलवायचं, मग राहिलेलं पेट्रोल.

भीमाकाठ: बरं झालं सांगितलं. पण शेडमधे पावसाळ्यापासून मिक्स केलेला कॅन पडलाय, तो वापरू का?

कॅनॉलकडचा: अजिबात नको. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, आपल्याकडचेच साखर कारखाने बनवतात ते इथेनॉल, पण ते ओल ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्याला घेऊन तळाला बसतं, ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमधे, अन् इंजिनची नळी ओढते तळातनं. म्हणजे ऑइल टाकूनबी इंजिन कोरडंच चालतं, पिस्टन जाम व्हायला तेवढं पुरतं. काचेच्या बाटलीत थोडं काढून उन्हात धरा, खाली वेगळा थर दिसला तर काम खलास, पण थर नसला तरी इतकं जुनं मिक्स मी टाकणार नाही. लागेल तेवढंच करायचं. घरी आणायच्या आधी टाकीची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेस्तोवर चालू ठेवायचं, कार्बोरेटर रिकामा होतो. रबरी नळी जुनी असेल तर बदला, इथेनॉलनं फुगते.

जुना_पुणे_नाका_गॅरेज: बरोबर. अन् चालू केल्यावर मागं पाण्याची धार पडते का आधी बघा, बॅकवॉटरला गाळ लै. धार नसली की लगेच बंद करायचं, ऑइल कितीबी टाकलेलं असू दे.