मदत हवी आहे: अकरावीतल्या मुलीसाठी बिनपरवान्याची स्कूटर, जुनी लुना की मामाची गाडी?

गोधडी

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा अकरावीला गेली, सोळा पूर्ण आहेत. आमचं गाव कराडपासून दहा-बारा किलोमीटरवर, मसूर रस्त्याला. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिचा क्लास सुटतो तेव्हा गाडी नुकतीच गेलेली असते आणि पुढची येईपर्यंत अंधार पडतो. यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात. म्हणून दुचाकीचा विचार चालू आहे. आमच्यापुढे तीन वाटा आहेत.

एक, दुकानदार म्हणतो बॅटरीवरची स्कूटर घ्या, "ना लायसन्स, ना पासिंग, ना इन्शुरन्स." दोन, सासऱ्यांची जुनी लुना गोठ्याशेजारी उभी आहे. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीचा परवाना मिळतो असं शेजारच्या सरांनी सांगितलं. तीन, बेळगावचा माझा भाऊ त्याची ११० सीसीची स्कूटर द्यायला तयार आहे. ती केए-२२ पासिंगची आहे.

मला या तिन्ही वाटांबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्यायची आहे. तिच्या हातून रस्त्यावर कुणाला लागलं, तर त्या माणसाच्या दवाखान्याचे पैसे कोण देणार? कायद्यात बसत नसेल तर मला ती वाट नकोच. दंड भरून सुटायचा हिशेब मी करत नाही.

बिनधास्त_सातारी

ताई, एवढा विचार कशाला? आमच्याकडे आठवीपासूनची पोरं गाड्या पळवतात. गावात कोण अडवतंय? कराडात शिरायच्या आधी गाडी लावायची आणि पुढे चालत जायचं.

कृष्णाकाठ

मी वकील आहे. मोटार अपघात दाव्यांची कामं बरीच वर्षं करतो आहे. वरचा सल्ला कृपा करून ऐकू नका. पोलीस अडवतील की नाही हा प्रश्न फार लहान आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४: अठरा पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवता येत नाही. अपवाद एकच, ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी. ती सोळाव्या वर्षानंतर चालवता येते. अर्थात परवाना काढून आणि पालकांच्या लेखी संमतीने. तेव्हा तुमच्या सरांनी बरोबर सांगितलं. गावातला रस्ताही सार्वजनिक जागाच असतो.

मुलगी ११० सीसीची गाडी घेऊन निघाली, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ लागू होतं. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला की पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. बेळगावच्या मामांनी प्रेमाने दिलेली गाडी त्यांनाच आरोपी करू शकते. मुलीकडे कलम ८ खाली काढलेला शिकाऊ परवाना असेल आणि ती त्याच वर्गाची गाडी चालवत असेल, तर मात्र हे कलम लागत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. विमा असला आणि चालवणाऱ्याकडे परवाना नसला, तर न्यायाधिकरण बहुतेक वेळा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला सांगतं आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. स्वर्णसिंग खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग स्पष्ट केला. जखमीच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण वसुलीची नोटीस घरी येते तेव्हा जमिनीच्या उताऱ्यापर्यंत गोष्ट जाते. विमाच नसेल तर पहिल्या रुपयापासून सगळं मालकावर. शिवाय कलम १६४ आहे. त्यात मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक कोणाची हे सिद्ध न करताच मागता येतात.

बिनधास्त_सातारी

वसुलीचं हे माहीत नव्हतं. वरचं मागे घेतो.

स्वारगेट

बॅटरीच्या स्कूटरबद्दल. "लायसन्स लागत नाही" हे अर्धं खरं आहे. त्या अर्ध्यापायी माझ्या बहिणीची गाडी पुण्यात जप्त झाली होती. म्हणून सविस्तर लिहितो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीच्या वाहनाला सूट आहे, पण अटी ठरलेल्या आहेत. मोटरची ताकद ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत. हे सगळं जमलं आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने त्या मॉडेलला तसं प्रमाणपत्र दिलं, तर ते कायद्याने मोटार वाहनच नाही. म्हणून परवाना, नोंदणी, विमा काही लागत नाही आणि वयाची अटही येत नाही.

गडबड पुढे होते. गिऱ्हाईक कुरकुरतं की पंचवीसने काय होणार, मग दुकानात एक वायर काढून गाडी चाळीस-पंचेचाळीसने पळवून देतात. बहिणीच्या गाडीचं हेच झालं होतं आणि विकताना कुणी सांगितलंही नव्हतं. वेग वाढवला त्या क्षणी ती गाडी मोटार वाहन होते, आणि तीही बिननोंदणीची, बिनविम्याची. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी मे २०२२ मध्ये अशा गाड्या तपासायचे आदेश दिले होते. परस्पर बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

दुकानदाराकडे त्या मॉडेलचं प्रमाणपत्र मागा. कागदावरचं मॉडेल आणि गाडीच्या चौकटीवरचं नाव जुळतंय का बघा. टाळाटाळ केली तर सरळ परत फिरा.

विमावाला_मिरज

गोधडीताई, तुम्ही विचारलेलं "पैसे कोण देणार" हे गिऱ्हाईक गाडी घेताना विचारत नाही, अपघातानंतर विचारतं. तुम्ही आधी विचारलंत याचं फार बरं वाटलं.

पंचवीसच्या आतल्या स्कूटरला विमा सक्तीचा नाही, याचा अर्थ धडक दिली तर जबाबदारी नाही असा होत नाही. भरपाई मागता येतेच, फक्त मागे विमा कंपनी उभी नसते. आईवडिलांच्या खिशातून जाते. दुकानदार "इन्शुरन्सची कटकट नाही" म्हणतो तेव्हा तो हे सांगत नाही. अशी गाडी घेतलीच तर मुलीसाठी वैयक्तिक अपघात विमा घेऊन ठेवा. त्यातून समोरच्याचं काही भागत नाही, पण तिच्यापुरतं कवच राहतं.

थर्ड पार्टीचे, म्हणजे समोरच्याला भरपाई देणाऱ्या विम्याचे, दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांचे सारखे असतात. जून २०२२ पासूनचे वर्षाचे दर, वर जीएसटी वेगळा: ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, म्हणजे तुमची लुना यात. ७५ ते १५० सीसी ७१४, म्हणजे मामांची स्कूटर. नोंदणी लागणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीला ३ किलोवॉटपर्यंत ४५७, ३ ते ७ किलोवॉटला ६०७. नवी दुचाकी घेतली तर १ सप्टेंबर २०१८ पासून थर्ड पार्टी एकदम पाच वर्षांची घ्यावी लागते. जुन्या गाडीला वर्षाची चालते. समोरच्या माणसाच्या मृत्यू-दुखापतीला या विम्यात रकमेची मर्यादा नाही. त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र दुचाकीवर एक लाखाची आहे. पाच-सातशे रुपयांत एवढं मिळतं, तरी लोक नूतनीकरण का चुकवतात हे मला अजून समजलेलं नाही. विम्याशिवाय सापडलात तर पहिल्या वेळी दोन हजार, पुढच्या वेळी चार हजार, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

एक प्रश्न विचारू का? मामांची गाडी तुम्हीच का चालवत नाही? मुलीला मागे बसवून?

लुनाप्रेमी_नगर

लुनाचं नाव वाचलं आणि थांबलो. आमच्या नगरच्या कायनेटिकने १९७२ मध्ये ती आणली. माझ्या आईने तिच्यावरच नोकरी केली. त्यामुळे जे लिहितोय ते गाडीवरच्या प्रेमानेच लिहितोय.

कायद्याने तुमच्या मुलीला ती चालेल. परवान्याचे अर्ज घेणाऱ्या सरकारी सारथी पोर्टलवर "५० सीसीपेक्षा कमी" असा वेगळा वर्ग आहे, तोच निवडायचा. अडचण गाडीची आहे. नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती केव्हाच संपली असणार. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागेल. ब्रेक, दिवे, हॉर्न, सगळं चालू हवं. वर पर्यावरण कर आणि उशिराच्या महिन्यांचा दंड. सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलणं. पक्क्या परवान्याच्या चाचणीला त्याच वर्गाची, कागदपत्रं पूर्ण असलेली गाडी न्यावी लागते आणि आज बाजारात पन्नास सीसीची नवी पेट्रोल दुचाकी शोधून सापडत नाही. टीव्हीएसची एक्सएल १०० मोपेड जवळपास शंभर सीसीची आहे, ती या वर्गात बसत नाही. नवी ई-लुना ताशी पन्नासच्या आसपास जाते. तिला नोंदणी आणि परवाना दोन्ही लागतात, आणि इलेक्ट्रिकला सीसीच नसल्यामुळे सोळा वर्षांची सवलत तिला लावता येत नाही. सोळाच्या मुलांना इलेक्ट्रिक स्कूटर चालवू देणार अशा बातम्या २०१८ मध्ये आल्या होत्या. कुणी दाखवल्या तर बातमीवर विसंबून गाडी घेऊ नका, कलम ४ वाचा.

सुटे भाग मिळतात, मी देईन शोधून. पण गळीत हंगामात त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात ना? दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवे नाहीत. तिथे लुना काय किंवा पंचवीसच्या वेगाची स्कूटर काय, संध्याकाळी मुलीला एकटं पाठवायला माझं मन तयार होणार नाही.

गोधडी

सगळ्यांचे आभार. विमावालेदादा, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. माझ्याकडे परवाना नाही आणि वय चाळीसच्या पुढे आहे. आता शिकून मिळेल का? ट्रॉल्यांचं लुनाप्रेमींनी लिहिलं ते अगदी खरं आहे. दिवाळीनंतर आमच्या रस्त्याला तेच असतं.

कृष्णाकाठ

जरूर मिळेल. चाळीसच्या पुढे डॉक्टरांच्या तपासणीचा दाखला, फॉर्म १अ, लागतो, एवढाच फरक. शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारवरून घरबसल्या देता येते. महाराष्ट्रात ही सोय २०२१ पासून आहे. त्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी, शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. त्या काळात गाडीला पुढेमागे लाल रंगातलं "एल" लावा. आणि मुलीला मागे बसवू नका. शिकाऊ परवान्यावर मागे बसू शकतो तो फक्त परवाना असलेला शिकवणारा. हा महिना-दीड महिना एसटीवर काढावा लागेल.

विमावाला_मिरज

मग दोन गोष्टी. गाडी यजमानांच्या नाही, तुमच्या नावावर घ्या. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कवच ज्याच्या नावावर गाडी आणि परवाना आहे त्यालाच मिळतं. चालवणार तुम्ही, कवच त्यांच्या नावावर, असं होऊन बसतं.

दुसरी, फक्त थर्ड पार्टी घेऊ नका, पॅकेज पॉलिसी, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणारी, घ्या. मुलगी मागे बसणार आहे. निव्वळ थर्ड पार्टीत मागे बसलेला माणूस येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. पॅकेजमध्ये तो येतो, हे विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना स्पष्ट केलं. तिच्यासाठी वेगळं अपघात कवचही त्याच पॉलिसीत जोडून मागा.

सीमाभाग_टिळकवाडी

बेळगावातून लिहितोय. केए गाड्या महाराष्ट्रात नेणारे इथे घरटी एक सापडतील आणि निम्म्यांच्या गाड्या अजून जुन्याच नावावर आहेत. तसं करू नका. कागदावर भाऊच मालक राहिला तर तुमच्या गाडीचा दावा त्याच्या दारात येईल. नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात म्हटलं आहे.

आधी गाडीवर ई-चलन बाकी आहे का ते बघा, नाहीतर सगळं तिथेच अडतं. मग भावाला बेळगाव आरटीओतून फॉर्म २८ वर ना हरकत दाखला काढायला सांगा. कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागेल. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या तो तिथे असतानाच घ्या. फॉर्म २९ च्या दोन प्रती. चेसिस नंबरचा ठसा पेन्सिलने कागदावर उतरवून घ्या. कराडला फॉर्म २७ भरून नवा एमएच नंबर मागायचा. गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागेल. तो भरल्याची पावती आली की भावाला कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराचा उरलेला परतावा मागता येतो. अर्ज त्यानेच करायचा.

विम्यावरचं नाव गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत बदलून घ्या. भावाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यात थोडा फरक भरावा लागेल. आणि हेल्मेट दोन घ्या, आयएसआय चिन्हाची. मुलीचं तिच्या मापाचं, दुकानात घालून बघून.